पाकीट फेकू नका

नोव्हेंबर २०२३मधला एक शनिवार. लाइपझिगमधल्या एका सामाजिक संस्थेच्या तळमजल्यावर आम्ही अठरा जण गोलात खुर्च्या टाकून बसलो होतो. युरोपातले निर्वासित, स्थलांतर आणि इंटिग्रेशन या विषयावरचं दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं, निर्वासित कुटुंबांच्या मदतीला जाऊ पाहणाऱ्या स्वयंसेवकांसाठी. प्रशिक्षक बाईंनी आल्या आल्या एक पिवळं, रिकामं पाकीट वर धरलं. ‘यात काही नाहीये. फेकून देऊ?’

जर्मनीत महत्त्वाचे सरकारी निर्णय अशा पिवळ्या पाकिटातून येतात. पोस्टमन पाकिटावर पेननं त्या दिवसाची तारीख घालतो आणि ते पेटीत टाकून निघून जातो. मुदत त्या तारखेपासून मोजायची. तुम्ही पाकीट कधी उघडलं, तुम्हाला जर्मन वाचता येतं की नाही, याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. आश्रयाचा अर्ज नाकारला असेल तर कोर्टात जायला दोन आठवडे मिळायचे, काही प्रकारच्या नकारांत एकच. आतल्या पत्रावर छापलेली तारीख वेगळी असते आणि वकील पहिल्यांदा मागतो ते पाकीट. पण नव्यानं आलेला माणूस पत्र जपून ठेवतो आणि पाकीट केराच्या डब्यात टाकतो. आपणही तेच करू. ‘तेव्हा भाषा नंतर शिकवा,’ बाई म्हणाल्या, ‘आधी एवढंच सांगा. पाकीट फेकू नका.’

मी मूळची कोल्हापूरची. सॉफ्टवेअरमधल्या नोकरीसाठी सप्टेंबर २०१५मध्ये इथं आले. त्याच वर्षी जर्मनीत सुमारे ८ लाख ९० हजार लोक आश्रय मागायला आले आणि चॅन्सेलर अँगेला मर्केल यांचं ‘आपण हे करून दाखवू’ हे वाक्य जगभर पोचलं. म्हणजे ते आणि मी एकाच वर्षाचे. तरी या लोकांना नेमकं कोणत्या दारातून आत घेतात, हे मला त्या शनिवारपर्यंत माहीत नव्हतं. कोल्हापूरहून फोन आला की घरचे विचारतात, ‘तिकडं निर्वासितांचं काय चाललंय गं?’ त्यांच्यासाठी, आणि ज्यांना हा सगळा गुंता नुसता बातम्यांतून कळतो त्यांच्यासाठी, हे लिहितेय.

निर्वासित म्हणायचं कुणाला?

मराठीत घर सोडावं लागलेल्या माणसाला आपण कारणासकट नाव देतो. धरणग्रस्त, पूरग्रस्त, प्रकल्पग्रस्त. आंतरराष्ट्रीय कायदाही कारणच विचारतो, फक्त त्याची यादी फार आखूड आहे. १९५१च्या जिनिव्हा कराराप्रमाणे निर्वासित तो, ज्याला वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा एखाद्या विशिष्ट सामाजिक गटातला असणं, या पाचांपैकी एखाद्या कारणामुळे छळ होईल अशी साधार भीती आहे आणि जो त्या भीतीनं देशाबाहेर पडलाय. देशाची सीमा ओलांडली नसेल तर तो निर्वासित नाही, विस्थापित. भूक, कर्ज, दुष्काळ, वाहून गेलेलं शेत ही कारणं यादीत नाहीत. ती खोटी आहेत असं कुणी म्हणत नाही, फक्त त्यांचा रकानाच नाही.

हा करार झाला तेव्हा तो १ जानेवारी १९५१पूर्वीच्या घटनांमुळे घर सुटलेल्यांपुरता होता, आणि त्या घटना फक्त युरोपातल्या धरायच्या अशीही मुभा देशांना होती. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपभर विखुरलेली माणसं डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला गेला. या मर्यादा १९६७च्या पूरक करारानं काढल्या. आज ज्यांच्याविरुद्ध कुंपणं घालायची भाषा होते त्यांच्यासाठीचा कायदा मुळात युरोपीय माणसांसाठी शिवलेला होता, हे खोलीतल्या बहुतेक जर्मनांनाही नवीन होतं. भारतानं या करारावर सही केलेली नाही.

आश्रय मागितला पण निकाल लागायचाय, असा माणूस म्हणजे आश्रयार्थी. तो अजून कायद्यानं निर्वासित नाही. आणि माझ्यासारखी, नोकरीसाठी स्वखुशीनं आलेली, ती स्थलांतरित. वर्तमानपत्रं तिन्ही शब्द एकाच वाक्यात घोळतात. इथल्या कार्यालयांत मात्र त्या शब्दावर तुमचं घर, काम, भाषेचा वर्ग, बायकोला आणता येणं, सगळं ठरतं.

एक आकडा आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं युरोपबद्दल आहे आणि त्यामुळे सारं जग इकडेच धावतंय असं वाटू शकतं. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेच्या हिशेबानं २०२४अखेर जगात १२ कोटी ३२ लाख माणसं बळजबरीनं घराबाहेर पडलेली होती. त्यांतली ७ कोटी ३५ लाख स्वतःच्याच देशात. जे सीमा ओलांडतात त्यांतले दोनतृतीयांश शेजारच्या देशातच थांबतात. लेबनॉन, युगांडा, इराण, तुर्कस्तान यांच्या अंगावर जो भार आहे तो युरोपातल्या चर्चांमध्ये क्वचितच ऐकू येतो.

बोटाचा ठसा

आता डब्लिन. युरोपातल्या कुठल्याही निर्वासिताला हे शहराचं नाव म्हणून माहीत नसतं. ‘मला डब्लिन लागलंय’, असं ते बोलतात, आपण कावीळ झालीय म्हणतो तसं. मूळ करार १९९०मध्ये डब्लिनला झाला, पुढे त्याचे नियम दोनदा बदलले. गाभा असा, की आश्रयाचा अर्ज एकाच देशानं तपासायचा. जवळचं कुटुंब एखाद्या देशात असेल किंवा कुणी व्हिसा दिला असेल तर तो देश. यातलं काहीच नसेल, आणि बहुतेकांच्या बाबतीत नसतंच, तर ज्या देशातून माणूस युरोपात पहिल्यांदा शिरला तो देश. ते ओळखायला ‘युरोडॅक’ नावाची बोटांच्या ठशांची सामायिक यादी २००३पासून चालू आहे.

नकाशा समोर धरा. सीरियातून, अफगाणिस्तानातून, इरिट्रियातून येणारा माणूस पाय कुठे टेकणार? ग्रीसच्या बेटांवर, इटलीच्या दक्षिण टोकाला किंवा बल्गेरियाच्या सीमेवर. जर्मनीला चहूबाजूंनी युरोपीय देशच आहेत. म्हणजे नियम अक्षरशः पाळला तर जर्मनीच्या वाट्याला जवळजवळ कुणी येऊच नये आणि ग्रीस-इटलीनं सगळ्यांचं बघावं. झालं असं, की काठावरचे देश लोकांना पुढे जाऊ देत राहिले, आतले देश त्यांना परत पाठवायच्या नोटिसा काढत राहिले आणि माणसं मधल्यामध्ये लोंबकळली. परत पाठवायला सहा महिन्यांची मुदत असते. त्या मुदतीत पाठवलं नाही तर जबाबदारी इथल्याच देशावर येते. म्हणून कॅलेंडरवर रोज एक फुली मारत बसलेली माणसं असतात. त्या काळात त्यांना कुणी ‘पुढं काय करायचा विचार आहे?’ असं विचारलं, तर ती काय सांगणार?

हे मोडकळीला आलंय हे सगळ्यांना मान्य होतं. उपायावर एकमत व्हायला जवळपास दहा वर्षं गेली. मे २०२४मध्ये स्थलांतर आणि आश्रयाबद्दलचा नवा युरोपीय करार मंजूर झाला, तो जून २०२६पासून लागू करायचा ठरला. ज्यांना आश्रय मिळण्याची शक्यता कमी, अशांचे अर्ज सीमेवरच बारा आठवड्यांत निकाली काढायचे. आणि काठावरच्या देशांचा भार बाकीच्यांनी वाटून घ्यायचा. माणसं घ्या, नाहीतर माणशी २० हजार युरो द्या, नाहीतर इतर मदत पाठवा. पोलंड आणि हंगेरीनं विरोधात मतदान केलं. प्रथम प्रवेशाचं तत्त्व मात्र नव्या करारातही जवळपास तसंच आहे. माझ्या मते घरातली गळती न काढता खाली दुसरी बादली ठेवण्याचा हा प्रकार आहे.

‘मंगळवार होता? नक्की?’

जर्मनीत नाव नोंदवल्यावर माणसाला सोळा राज्यांपैकी एकात पाठवतात. कुठल्या, ते एक सूत्र ठरवतं, दोनतृतीयांश राज्याच्या करउत्पन्नावर आणि एकतृतीयांश लोकसंख्येवर. भाऊ हांबुर्गला असला तरी तुम्हाला सॅक्सनीतल्या एखाद्या खेड्यात धाडलं जाऊ शकतं. मग येते मुलाखत. सगळ्या प्रकरणाचा जीव त्या एका बैठकीत असतो. समोर स्थलांतर कार्यालयाचा अधिकारी, ज्याला सगळे ‘बाम्फ’ म्हणतात त्या खात्याचा, बाजूला दुभाषा, आणि तुम्ही. बहुतेकांकडे पुरावा म्हणून कागद नसतात, त्यामुळे तुमची हकिगत हाच पुरावा. ती तपशीलवार हवी आणि तिच्यात विसंगती नको.

ते कसं असतं हे कळावं म्हणून बाईंनी आमच्या जोड्या लावल्या. माझ्या वाट्याला एक निवृत्त शाळामास्तर आले. ते अधिकारी, मी अर्जदार. विषय अगदी साधा होता: तू या देशात आलीस तो दिवस सांग. मी सांगितलं, १४ सप्टेंबर २०१५, मंगळवार, पाऊस होता. त्यांनी लिहून घेतलं. पाच-सहा प्रश्न झाल्यावर म्हणाले, ‘स्टेशनबाहेर पडल्यावर काय केलंस?’ मी म्हटलं, ऊन खात बाकावर बसले. त्यांनी पेन थांबवलं. मग फोनमधलं कॅलेंडर काढलं. १४ सप्टेंबर २०१५ला सोमवार होता.

मला फ्रँकफर्ट विमानतळावर ना कुणी मारलं होतं, ना मी कुणाला गमावलं होतं. आदल्याच दिवशी जर्मनीनं ऑस्ट्रियाच्या सीमेवर तपासणी सुरू केली होती, त्याचाही मला पत्ता नव्हता. इतक्या सुखाच्या दिवसातल्या दोन गोष्टी मी चुकवल्या. कागदावर त्या ‘हकिगतीत विसंगती’ म्हणून पडल्या.

तारखांचं दुखणं वेगळंच. अफगाणिस्तानात सौर हिजरी पंचांग चालत आलंय, आणि पुष्कळांची जन्मतारीख घरी कुणी लिहूनच ठेवलेली नसते. इथला अर्ज रकाना रिकामा सोडू देत नाही, म्हणून १ जानेवारी लिहून मोकळे होतात. निर्वासितांच्या वसतिगृहात अर्ध्याअधिक लोकांचा वाढदिवस नववर्षाला असतो, असं बाई म्हणाल्या आणि खोलीत हसू फुटलं. मी हसले नाही. माझ्या वडिलांची जन्मतारीख १ जून आहे. त्यांच्या चारही भावांचीसुद्धा. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि मास्तर दाखल्यावर तीच तारीख टाकायचे. आपल्याकडे हा चेष्टेचा विषय आहे, कारण त्या तारखेवरून कुणी आपल्याला खोटं पाडत नाही.

मुलाखत संपली की सगळा जबाब अर्जदाराला त्याच्या भाषेत वाचून दाखवायचा असतो आणि मग सही. तोवर माणूस थकलेला असतो, दुभाष्याला घरी जायचं असतं. ‘वाचून दाखवा म्हणून अडून बसा’ हा बाईंचा दुसरा धडा. कारण पुढे कोर्टात गेलं तरी भांडण त्या सही केलेल्या कागदाशीच असतं.

चार निकाल आणि एक चिकट कागद

निकाल हो किंवा नाही असा सरळ येत नाही. जर्मन राज्यघटनेतला आश्रयाचा हक्क आहे, तो फारच थोड्यांना मिळतो. त्यानंतर जिनिव्हा करारातला निर्वासिताचा दर्जा. त्याखाली ‘पूरक संरक्षण’: तुमचा व्यक्तिशः छळ होईल असं नाही, पण परत गेलात तर युद्धात मराल किंवा यातना होतील. चौथी फक्त हद्दपारीची बंदी, म्हणजे गंभीर आजारासारख्या कारणानं त्या देशात परत पाठवता येत नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्यातला फरक वकिली वाटतो. पण समजा एकाच घरातले दोन भाऊ अलेप्पोहून निघाले. थोरल्यानं सैन्यात जायला नकार दिला आणि त्याचं नाव यादीत आलं, हे अधिकाऱ्याला पटलं: तो निर्वासित, बायकामुलांना आणू शकतो. धाकटा बॉम्बला घाबरून पळाला: पूरक संरक्षण. अशा लोकांचं कुटुंबाला बोलावणं मार्च २०१६पासून दोन वर्षांहून जास्त काळ बंद होतं, मग महिन्याला एक हजारांची मर्यादा आली आणि जुलै २०२५मध्ये पुन्हा दोन वर्षांसाठी बंद झालं. धाकट्याची मुलगी फोनच्या पडद्यावरच मोठी होणार.

आणि या चौघांच्या बाहेर ‘डुल्डुंग’. शब्दाचा अर्थ ‘सहन करणं’. अर्ज नाकारलाय, जायला हवं, पण पासपोर्ट नाही किंवा आजारपण आहे किंवा तिकडे पाठवता येत नाही, म्हणून तूर्त सहन करतोय. हा राहण्याचा परवाना नव्हे. काही महिन्यांचा असतो, संपला की पुन्हा काढायचा. असं करत माणसं वर्षानुवर्षं राहतात. बोटाला चिकटलेला डिंक झटकावा आणि तो निघू नये, तसा कागद.

दुपारनंतर आम्हाला भूमिकांच्या चिठ्ठ्या वाटल्या. माझ्या चिठ्ठीवर होतं: ‘चोवीस वर्षांचा अफगाण तरुण, डुल्डुंग.’ शाळामास्तरांच्या चिठ्ठीवर होतं: ‘भारतीय इंजिनिअर, ब्लू कार्ड,’ म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा, माझ्याकडे होता तो परवाना. सगळे एका ओळीत उभे. बाई एक वाक्य म्हणणार, ते आपल्याला लागू असेल तर एक पाऊल पुढे. ‘मी पुढच्या महिन्यात दुसऱ्या शहरात राहायला जाऊ शकतो.’ ‘मी सुटीत शेजारच्या देशात फिरून येऊ शकतो.’ ‘घरमालक मला करार देईल.’ ‘दोन वर्षांनी मी कुठे असेन, हे मला सांगता येतं.’ मास्तर माझं आयुष्य घेऊन भराभर खिडकीपर्यंत गेले. मी भिंतीलाच. मध्ये त्यांनी वळून पाहिलं आणि ओशाळले, जणू माझ्याकडूनच काही काढून घेतलं होतं.

मिसळायचं कसं, कधी आणि कुणाच्या परवानगीनं

इंटिग्रेशनला मराठीत काय म्हणायचं यावर मी अजून अडखळते. ‘एकात्मीकरण’ सरकारी वाटतं. ‘सामावून घेणं’ यात सगळं काम यजमानाचं, ‘मिसळून जाणं’ यात सगळं पाहुण्याचं. जर्मनीत २००५पासून याचा एक ठरलेला अभ्यासक्रमच आहे. भाषेचे ६०० तास, शिवाय देशाचा कायदा, इतिहास, समाज यांचे १०० तास, तास ४५ मिनिटांचा. शेवटी ३३ प्रश्नांची परीक्षा, १५ बरोबर आले की पास. अभ्यासक्रम बरा आहे, मी पुस्तकं चाळलीत.

प्रश्न तिथं बसायला कधी मिळतं हा आहे. अर्ज चालू असताना या वर्गाची जागा मिळायला कित्येक वर्षं अट होती, की तुमच्या देशातल्या लोकांना आश्रय मिळण्याचं प्रमाण चांगलं हवं. सीरियाचा माणूस बसायचा, अफगाण बाहेर. सुरुवातीचे काही महिने कामही करता येत नाही. म्हणजे माणूस सगळ्यात ताजा, शिकायला उत्सुक असतो तेव्हाच त्याला सहा जणांच्या खोलीत बसवून ठेवायचं आणि तीन वर्षांनी विचारायचं, तुला अजून जर्मन कसं येत नाही? यात मला नुसता निष्काळजीपणा दिसत नाही. लोकांनी मुळं धरू नयेत, हा त्यातला न बोललेला हेतू आहे. आणि तो साधला की तीच माणसं मिसळत नाहीत म्हणून ओरडायचं.

दुसऱ्या रीतीनं करता येतं हे २०२२मध्ये दिसलं. युक्रेनवर हल्ला झाल्यावर युरोपीय संघानं २००१पासून नुसता कागदावर असलेला तात्पुरत्या संरक्षणाचा कायदा ४ मार्च २०२२ला पहिल्यांदा वापरला. मुलाखत नाही, डब्लिन नाही, काम करायची मुभा लगेच. चाळीस लाखांवर लोकांना असं संरक्षण मिळालं. ते शेजारी आहेत, व्हिसाशिवाय येऊ शकत होते, आलेल्यांत बायका-मुलं जास्त होती, ही कारणं खरी आहेत. पण खोलीतल्या एका सीरियन तरुणानं, तो आता स्वतः स्वयंसेवक आहे, एवढंच म्हटलं: ‘म्हणजे नियम होता. आमच्या वेळी कपाटात होता.’ त्यावर कुणी काही बोललं नाही. बाईंनी चहाची सुट्टी दिली.

तरीही २०१५ला आलेले लोक बसून राहिले असं नाही. न्यूरेंबर्गच्या रोजगार संशोधन संस्थेच्या पाहणीनुसार त्यांतले सुमारे ६४ टक्के २०२४पर्यंत नोकरीत होते. पुरुषांत प्रमाण ७६ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे देशातल्या एकूण पुरुषांच्या प्रमाणाहून थोडं वरच. स्त्रियांत मात्र ३५. लहान मुलाला पाळणाघरात जागा नाही आणि भाषेचा वर्ग सकाळी नऊला, हे गणित कोल्हापुरात काय, लाइपझिगमध्ये काय, एकाच बाजूनं सुटतं.

माझं गणित वेगळ्या पाटीवर मांडलेलं होतं. ब्लू कार्डावर ३३ महिने झाले आणि मला कायम वास्तव्याचा परवाना मिळाला. भाषेची अट होती ए-१, म्हणजे नाव, गाव, भाजीचा भाव. निर्वासिताला तोच परवाना तीन वर्षांत हवा असेल तर सी-१ लागतं, म्हणजे विद्यापीठात निबंध लिहिण्याइतकं जर्मन, नाहीतर पाच वर्षं थांबून ए-२. शिवाय स्वतःच्या कमाईचा हिशेब दाखवायचा. माझं जर्मन आजही ऑफिसात इंग्रजीच्या कुबडीवर चालतं. मी मिसळले का, हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या तासाला बाईंनी विचारलं, कुणी निर्वासितांची छावणी पाहिलीय का. मी वळिवडे सांगितलं. सोव्हिएत राजवटीनं सैबेरियात नेऊन टाकलेली पोलिश माणसं तिथून सुटून इराणमार्गे भारतात आली आणि १९४३ ते १९४८ या काळात त्यांतली सुमारे पाच हजार, बहुतेक बायका आणि मुलं, कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहिली. त्यांची शाळा होती, चर्च होतं. युद्ध संपलं तरी त्यांच्यातल्या बहुतेकांना घरी जाता येईना. शेवटी छावणी हलली. दरम्यान १९४७मध्ये फाळणी झाली होती. मोकळ्या झालेल्या त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले. ते मात्र पुढे राज्यघटनेनं नागरिक ठरले. मुलाखत नाही, मुदतीचा कागद नाही, लगेच धंदा मांडायला मोकळे. त्या जागेला आज गांधीनगर म्हणतात. आमच्याकडे लग्न ठरलं की बस्ता बांधायला तिथं जातात, माझ्या लग्नाचा बस्ताही तिथलाच.

मास्तरांनी वहीत ‘वालिवादे’ असं काहीतरी लिहून घेतलं आणि विचारलं, त्या बराकी अजून आहेत का. मला सांगता येईना. मी तिथं वीसेक वेळा गेले असेन. दरवेळी साड्याच पाहिल्या.